आवडीच्या लुगड्याची वाट

सगळं गाव काठावर उभं होतं, मग एकही जण आवडीपर्यंत का गेला नाही? हा एकच प्रश्न धाकूनं खारशेत गावात दारोदार जाऊन विचारला. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, कुणी मान खाली घातली. आणि फिरून फिरून शेवटचं दार त्याचं स्वतःचंच असायचं.

ही गोष्ट फार जुनी, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. अलीकडं खारशेत, पलीकडं बाजारगाव, मध्ये खाडी. ओहोटीला पाणी निघून जायचं आणि चिखल उघडा पडायचा, पण तो माणूस गिळणारा चिखल. त्यातून घट्ट जमिनीची एकच वाट होती, वाकडीतिकडी. ती ठाऊक होती एकट्या आवडीला. मरताना बापानं तिला ती दिली होती. बाविशीची ही पोर काठी घेऊन पुढं चालायची आणि मागं बाजारकरूंची रांग. कुठं किती पावलांवर वळायचं त्याच्या खाचा तिनं काठीवर पाडल्या होत्या. असं म्हणतात, तिचा पाय पडला की चिखलसुद्धा गप्प पडून राहायचा.

धाकू तिचा धाकटा भाऊ.

"वाट शिकून घे रे," ती म्हणायची.

"उद्या."

"देवानं पाय बैलाचे दिले आणि डोकं खेकड्याचं. सरळ म्हणून यायचं नाही."

एके दिवशी पलीकडची एक लेकुरवाळी बाई, आवडीची वाट न बघता, लेकरू काखेला मारून एकटीच खाडीत उतरली आणि मधल्या वळणावर कमरेइतकी रुतली. भरती लागली होती. आवडी धावली. तिनं बाईला ओढून घट्ट जागेवर घेतलं, तोवर पाण्यानं दोन्ही काठांकडची वाट तोडली. मग ती तिथंच उभी राहिली, लेकरू डोक्यावर आणि बाईचा हात हातात. असं म्हणतात, पाणी तिच्या हनुवटीला लागलं आणि पुढं चढायला लाजलं. धाकूनं काठावरून उडी टाकली, पण पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत गेला. चौघांनी त्याला ओढून काढलं. मग तोही गावाबरोबर काठावरच उभा राहिला.

पाणी उतरलं; बाई वाचली, लेकरू वाचलं. आवडीला ताप भरला तो उतरलाच नाही. सातव्या दिवशी तिनं भावाला जवळ बोलावलं.

"माझी राख कुठल्या तीर्थाला नेऊ नको. पाय खचतो तिथं तिथं टाक. काठी मधल्या वळणावर रोव. आणि हे माझं लाल लुगडं घडी घालून ठेवशील तर बघ. फाड ते. वाटेवर खुंट मार आणि एकेका खुंटाला चिंधी बांध, लांबून दिसेल अशी."

"ह्यांच्यासाठी? काठावर उभे होते ते, आवडे."

"तूही होतास रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढंच त्याला पुढं जन्मभर सोसलं नाही.

खारशेतात रीत होती, माणसाच्या हातातली वस्तू त्याच्याबरोबर जायची. चितेपाशी कुणीतरी ती काठी धाकूच्या हातात दिली. हिच्यापायीच गेली, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं काठी जाळात भिरकावली. खाचांनी पेट घेतला तेव्हा त्याला तिचं बोलणं आठवलं. त्यानं जाळात हात घातला. हातात कोळसा आला.

आता वाट कुणालाच ठाऊक नव्हती.

मग तो रोज ओहोटीला कमरेला दोर बांधून उतरू लागला. दोराचं दुसरं टोक गावानं धरलं. पाय खचला की तिथं मूठभर राख टाकायची, पाय ठरला की खाडीकाठच्या तिवराचा खुंट ठोकायचा आणि लुगड्याची चिंधी बांधायची. असं म्हणतात, जिथं राख पडली तिथं चिखलाचा कातळ झाला. धाकूला तसं काही दिसलं नाही. राखेचं मडकं रोज हलकं होतंय, एवढंच त्याला कळायचं.

आता पूल आहे. चिखलातून कुणी जात नाही. तरी वर्षातून एकदा, पावसाच्या आधीच्या अमावास्येला, खारशेतात घरटी एक लुगड्याची चिंधी निघते आणि खुंट नवे होतात. त्या दिवशी काठावर कुणी उभं राहत नाही. म्हातारी माणसंसुद्धा एक पाय का होईना, चिखलात घालतात.

तेव्हा खुंट मारताना धाकूनं लुगड्याचा पदर मात्र फाडला नव्हता. त्याला अजून तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास होता आणि तो रात्री उशाला घेऊन निजायचा. सगळे खुंट झाले, एक राहिला, मधल्या वळणावरचा, काठीच्या जागेचा. चिंध्या संपल्या होत्या. दोर धरलेल्यांतली एक म्हातारी म्हणाली, "माझ्या लुगड्याची घे, बाबा." त्यानं नकाराची मान हलवली. तो घरी गेला, पदर घेऊन आला, वळणापर्यंत चालत गेला, एकदाच तोंडाशी धरला, आणि खुंटाला दोन गाठी मारून बांधला.