उत्तरपूजा न झालेली हत्यारे

त्रेतायुगाच्या उतरत्या काळी सह्य पर्वताच्या पूर्वेस उदकवती नावाची नगरी होती. तिच्या माथ्यावरच्या खिंडीत दीर्घबाहू ऋषींनी, साक्षात विश्वकर्म्याकडून विद्या घेऊन, एक अफाट जलाशय बांधला होता. बांधाला बारा लोखंडी दारे होती. दातेरी चक्रांची योजना अशी, की सात वर्षांच्या मुलीने दांडा फिरवावा आणि हत्तीच्या वजनाचे दार अलगद वर यावे.

ऋषींचा शेवटचा शिष्य ऋतंभर. गुरूंनीच त्याला पश्चिम समुद्रापलीकडे, यंत्रविद्येत निष्णात असलेल्या दानवांच्या आश्रमात धाडले होते. बारा वर्षांनी, भाद्रपदात, तो परतला. खालच्या कोरड्या पठारावर गावोगाव पाणी न्यायचे, हा एकच ध्यास त्याने उराशी धरला होता. घरी न जाता तो थेट बांधावर गेला.

पाणी काठाला टेकले होते. दारे बंद होती. चक्रांच्या दात्यांत तूप थिजले होते, त्यावर नासक्या दह्याचा थर, त्यात कुजलेली कण्हेरीची फुले, आणि त्या लगद्यात अळ्या वळवळत होत्या. गुरूंचा घण आणि छिन्नी कुंकवाच्या ढिगात गाडली गेली होती. माश्यांचा ढग उठला. ऋतंभर कठड्याशी वाकून ओकला.

झाले होते ते असे. आश्विनातल्या नवमीला हत्यारे आणि दारांची चक्रे पुजायची, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेच्या अक्षता टाकून ती पुन्हा कामाला घ्यायची, हा तिथला रिवाज. तीन वर्षांपूर्वी नवमीच्याच दिवशी दीर्घबाहू निवर्तले. शोकाने कोणाला उत्तरपूजा करवेना. एक दिवस गेला, महिना गेला, आणि मग विसर्जन न झालेल्या देवाला हात लावणे हेच पातक ठरले. तीन वर्षे पाऊस बेताचा, म्हणून निभावले.

ऋतंभर राजा हर्यंगाच्या सभेत आला. तिथे त्याचा मामा सोमपाठ हा राजपुरोहित होता.

"मामा, आज उत्तरपूजा करा. दोन अक्षता टाका, पुढचे मी बघतो. बांध आता चार दिवसही धरणार नाही."

सोमपाठाने नाकाला उपरणे लावले. "दानवांच्या पंगतीला बारा वर्षे जेवलास, भाच्या. आधी प्रायश्चित्त घे. दारे उघडण्याचे तुझ्या गुरूंचे सूत्र इथे रोज आठ प्रकारे म्हटले जाते, सुलटे आणि उलटेही."

"मग त्यात सांगितलेला कीलक कुठे आहे ते दाखवा."

"कीलक म्हणजे हृदयस्थ आत्मा. तो उपटला की मोक्षद्वार उघडते."

"कीलक म्हणजे खिळा, मामा. चक्राच्या डाव्या बाजूला आहे. तुम्ही त्याच्यावर दही ओतता."

सभेत कोणीतरी फिसकन हसले. राजा मात्र हसला नाही. या पूजेमुळे दूरदेशीचे राजे त्याच्या पाया पडत होते. "गुरूची विद्या खिळ्यावर आणून ठेवलीस," तो म्हणाला. "यासाठी पाठवले होते तुला?"

"यासाठीच, महाराज."

त्याच दुपारी बांधावर जाऊन ऋतंभराने खिळा काढण्यासाठी घणाला हात घातला, आणि रक्षकांनी त्याला फुलांच्या चिखलात पालथे दाबले. त्याने विश्वकर्म्याचा धावा केला. तेव्हा त्या घाणीतूनच देव प्रकटला. त्याने पायाला चिकटलेल्या अळ्या झटकल्या आणि पुरोहितासह धावत आलेल्या राजाकडे पाहिले.

"माझ्या विद्येच्या नगरीला मी एक वर देतो. नगरीच्या वतीने राजाने मागावा."

ऋतंभर चिखलातून म्हणाला, "महाराज, दारे उघडण्याचे मागा. नाहीतर ती उघडणारा माणूस तरी मागा."

राजा आणि पुरोहित क्षणभर कुजबुजले. मग राजाने हात जोडले. "देवा, या हत्यारांना आणि चक्रांना यापुढे मानवी हाताचा विटाळ न होवो, आणि सूत्रातले एक अक्षरही न गळो."

विश्वकर्म्याच्या तोंडावर किळस स्पष्ट दिसत होती. "तथास्तु," तो म्हणाला, आणि कोणाकडेही न बघता निघून गेला.

घणावर अजून टेकलेला ऋतंभराचा हात निखाऱ्याला लागल्यासारखा उडाला. आता करण्याजोगे एकच उरले होते. तो दारोदार हिंडला आणि ऐकतील तेवढ्यांना त्याने डोंगरावर चढवले. तिसऱ्या दिवशी बांध फुटला. उदकवती वाहून गेली, अर्धी माणसे गेली, आणि गाळात ती हत्यारे नवीकोरी चकाकत पडली. त्यांना उचलू पाहणाऱ्यांचे हात पोळले. वाचलेल्यांनी भोवती देऊळ बांधले. सोमपाठ वाचला होता, सूत्रही वाचले.

तरी ऋतंभर राहिला. हत्यारे नसली तरी हात आहेत, नवी घडवू, असे म्हणून त्याने नदीकाठच्या वाळूत काठीने चक्राची आकृती काढली, दाते मोजून दाखवले, खिळ्याची जागा दाखवली. लोकांनी डोळे मिटून ऐकले. सकाळी येऊन बघतो तर आकृतीभोवती दगडांचे कुंपण, मधोमध कुंकू, आणि वरून दूध ओतलेले.

त्याने पायाने ती आकृती पुसली आणि मागे न बघता पश्चिमेची वाट धरली. त्या भूमीवर त्याने पुन्हा रेघ ओढली नाही.

पुसलेल्या वाळूच्या पुड्या बांधून लोकांनी देवघरात ठेवल्या. तेव्हापासून त्या देशात विद्येची पूजा यथासांग होते, सूत्राचा पाठ बिनचूक होतो, आणि बायका दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणतात.