काळोख्याच्या अंगावर हात

गप पडा आता. पाय आत घ्या रे. गोधडीबाहेर राहिलेले पाय कोण कोण बघतं, ते तुम्हाला ठाऊक नाही.

एक होता राजा. त्याची राणी भानाई आणि एकुलती एक पोर सोनकी. त्यांच्या राज्यात एक रीत होती बरं का. चूल विझू द्यायची नाही. संध्याकाळी विस्तव राखेत झाकायचा, सकाळी फुंकर घालून पुन्हा पेटवायचा. राणी झाली तरी भानाई हे काम स्वतःच्या हातानं करायची.

मग एकदा काय झालं, तिन्हीसांजेला काळोख्या आला. काळोख्या म्हणजे राक्षस. त्याला ना तोंड, ना पाय. नुसता काळा, आभाळाएवढा, आणि अंगभर चांदण्या. तो राजाला म्हणाला, "ज्याला सुरुवात नाही ते सगळं माझं. या जगाला सुरुवात होती, याचा पुरावा दे. नाहीतर ही पोर माझी."

राजाची बोबडी वळली. त्यानं जगाच्या सुरुवातीची कुठंतरी ऐकलेली एक गोष्ट सांगितली. गोष्ट नको, पुरावा दे, असं म्हणत काळोख्यानं सोनकीची सावली ओढून नेली. पोरीला दिव्यासमोर बसवलं तरी भिंत कोरीच!

दुसऱ्या सांजेला तो परत आला. मग प्रधान पुढं झाला. सुरुवात होती, माझ्या पणज्यानं सांगितलंय, म्हणाला. तुझा पणजा तेव्हा हजर होता का, असं विचारून काळोख्यानं सोनकीचा आवाज काढून घेतला. पोर तोंड उघडून रडायची, पण ऐकू काही यायचं नाही. आईच्या काळजाचं काय झालं असेल, मला विचारू नका.

हसतोस काय रे मेल्या? तुझा आवाज गेला तर घर शांत होईल, पण मलाच करमायचं नाही.

तर तिसऱ्या दिवशी घाबरलेल्या राजानं हुकूम काढला, सगळ्या चुली विझवा. उजेड दिसला नाही तर काळोख्याला वाडा सापडणार नाही, असं त्याला वाटलं. काळोखाला का उजेड लागतो शोधायला? पण भ्यालेल्या माणसाला अक्कल कुठली.

दिवस कलला तशी राणी सवयीनं विस्तव झाकायला बसली. विस्तव नव्हताच. तिनं चुलीवर हात ठेवला. ही बाजू, ती बाजू, मागचा कट्टा. सगळीकडे सारखी ऊब. तिच्या मनात आलं, मी आग बघितली नसती, तरी इथं आग होती हे मला कळलं असतं.

मग काळोख्या आला. सोनकी आईच्या पदरात लपली. राणीलाही भीती वाटत होती. तरी ती उठली आणि तिनं काळोख्याच्या अंगावर हात ठेवला. पुढून ठेवला, कुशीला ठेवला, पाठीवर ठेवला. सगळीकडे एकसारखी, कणभर ऊब.

"तू थंड नाहीस," ती म्हणाली. "तू निवलेली चूल आहेस."

एवढ्यानं भागत नाही, काळोख्या गुरगुरला. मग राणीनं त्याच्या अंगावरच्या चांदण्या दाखवल्या. परवा या जवळ होत्या, आज एकमेकींपासून लांब गेल्यात. जितकी लांबची, तितकी ती जोरात पळते, म्हणून तितका तिचा उजेड तांबूस. तू रोज फुगतोयस, ती म्हणाली. मागं मागं जात राहिलं तर कधीतरी तू मुठीत मावत होतास.

आणि मग तिनं त्याच्या अंगावरून एक चिमूट इथली घेतली, एक तिथली, एक पार पलीकडची. सगळीकडे तेच. तीन वाटे हायड्रोजन, एक वाटा हेलियम. शाळेत शिकाल पुढं. एकाच चुलीची राख होती ती.

  काळोख्या अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मलाही सुरुवात होती?"

"होती रे बाळा," राणी म्हणाली. तिनं हात काढला नाही.

त्याबरोबर सोनकीचं रडणं एकदम ऐकू आलं. सावली येऊन तिच्या पायाला चिकटली. काळोख्या आभाळात परत गेला. राज्यातल्या चुली पेटल्या आणि सगळे सुखानं नांदले.

तो अजून तिथंच आहे, अजून फुगतोय. खोटं वाटतं? तुमच्या बापाला विचारा, जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की मुंग्या दिसायच्या. त्यातल्या थोड्या मुंग्या त्याच उबेच्या असायच्या.

मी दिवा घालवते. भीती वाटली तर हात गोधडीबाहेर काढा आणि अंधारावर ठेवा. ऊब हाताला लागायची नाही, फार जुनी आहे ती. पण आहे. चला, डोळे मिटा.