मालकांचा समुद्र आणि गेनबा

तांबेवडगावात गेनबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा बैस, आलोच' म्हणालं, तर तो माणूस परत येईपर्यंत हा जागचा उठत नसे. एकदा म्हणणारा तिकडूनच बहिणीच्या गावाला गेला. गेनबा तिसऱ्या दिवशी उठला, तोही लोकांनी उठवला म्हणून.

गावात शहाणे पुष्कळ होते, पण त्यांना काम सांगायची सोय नव्हती. म्हणून दत्ताजीरावांनी गेनबाला कामावर ठेवलं.

दत्ताजीरावांनी उभा जन्म जहाजावर काढलेला. नोकरी संपली, पण समुद्राचं वेड गेलं नाही. खरा समुद्र गावापासून एसटीनं सहा तास लांब. मग त्यांनी समुद्रच घरात आणला. मधल्या खोलीत पलंगाएवढी काचेची टाकी, आत खारं पाणी, वर निळे दिवे, दोन नारिंगी मासे आणि प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी, हे सांगून सांगून दत्ताजीरावांच्या तोंडाला फेस आला होता. गाव आपलं 'मालकांचे दगड'च म्हणायचं.

त्यातलं एक गुलाबी प्रवाळ त्यांचं विशेष लाडकं. आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं, सहा वर्षांत ताटाएवढं झालं. बायको गेल्यापासून दत्ताजीराव सकाळचा चहा टाकीसमोर बसून घेत आणि त्याच्याशी गप्पा मारत.

"गेनबा, हे गेलं तर मला घरात कुणी नाही रे," ते म्हणायचे.

गेनबा तिथंच उभा असायचा. पण त्याला राग येत नसे.

पहिल्या दिवशी दत्ताजीराव म्हणाले, "टाकीतलं पाणी कमी होऊ देऊ नको. रोज भरत जा."

"भरतो की."

समुद्राचं पाणी खारं असतं, एवढं गेनबाला माहीत होतं. तो रोज बादलीत मीठ कालवून पाणी भरू लागला. आठ दिवसांनी दत्ताजीरावांनी पाण्यातलं मीठ मोजलं आणि कपाळाला हात लावला. गुलाबी प्रवाळ आखडून निम्मं झालं होतं.

"अरे शहाण्या, पाणी वाफ होऊन उडतं. मीठ उडतं का? ते आतच राहतं! टाकीतलं पाणी कमी दिसलं, की नुसतं साधं पाणी ओतायचं. कळलं?"

"कळलं मालक. कमी दिसलं की साधं."

गेनबानं मनाशी पक्की खूणगाठ बांधली.

पुढच्या रविवारी दत्ताजीराव म्हणाले, "आज पाणी बदलायचंय. चार बादल्या काढ आणि चार बादल्या भर. मी आंघोळ करून आलो."

गेनबानं चार बादल्या काढल्या. टाकीत डोकावला, तर पाणी कमी. कमी दिसलं की साधं! त्यानं चार बादल्या साधं पाणी ओतलं. मिठाची पिशवी शेजारीच होती. तिच्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

दत्ताजीराव ओल्या टॉवेलानिशी धावत आले. मासे बावचळून एका कोपऱ्यात जाऊन बसले होते.

"अरे, आज पाणी उडालं नव्हतं, तू काढलं होतंस! त्याच्याबरोबर मीठ गेलं ना? जे बाहेर काढलंस, ते तसंच्या तसं परत आत जायला पाहिजे!"

"आसं व्हय! जे काढलं, ते परत आत."

गेनबानं जुनी खूणगाठ सोडली आणि नवी बांधली.

टाकीखाली एक यंत्र होतं. पाण्यातली घाण फेसात गोळा करून ते वरच्या भांड्यात टाकायचं. बुधवारी दत्ताजीराव म्हणाले, "ते घाणीचं भांडं भरलंय. काढ आणि धुऊन ठेव."

गेनबानं भांडं काढलं. आत काळपट रस्सा, आणि वास असा की मांजर खिडकीतून पळालं. तरी गेनबा डगमगला नाही. नाक दाबून त्यानं तो सगळा रस्सा तसाच्या तसा टाकीत ओतला. थेंबही सांडू दिला नाही. भांडं मात्र सांगितल्याप्रमाणे घासून लख्ख केलं.

समुद्राचा चहा झाला. दत्ताजीराव आले. राग गिळायला त्यांना दोन तांबे पाणी लागलं.

"गेनबा, घाण कुणी परत घालतं का रे? मेलेलं, कुजलेलं जे काही दिसेल, ते ताबडतोब बाहेर फेकायचं. क्षणभरही आत ठेवायचं नाही!"

"बराबर हाय. मेलं की भाईर."

दोन दिवस खपून दत्ताजीरावांनी पाणी निवळलं. पण एवढं सोसून प्रवाळ फुलणार तरी कसं? तिसऱ्या दिवशी गुलाबी प्रवाळ मिटून पडलं. गेनबानं काचेवर टिचकी मारली. हाक मारली. मग टोपी काढून हात जोडले, ताटाएवढं प्रवाळ अलगद उचललं आणि अंगणातल्या जास्वंदीखाली खड्डा खणायला घेतला.

खड्डा गुडघाभर होतोय तोवर दत्ताजीराव आले. त्यांनी प्रवाळ हिसकावलं आणि पोराला दवाखान्यात न्यावं तसं छातीशी धरून आत पळाले. पाण्यात ठेवलं. श्वास रोखून बसले. तासाभरानं एक गुलाबी टोक बाहेर आलं, मग दुसरं. दत्ताजीरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"गेनबा," ते शांतपणे म्हणाले, "हे मेलं नव्हतं, मिटलं होतं. आता एकच गोष्ट ध्यानात ठेव, बाकी सगळं विसर. जो जीव जिथला, तिथंच तो जगतो. तिथून उचलला की मेला."

"जो जीव जिथला, तिथंच तो जगतो," गेनबा म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी चांगली खूणगाठ आजवर त्याला कुणी दिली नव्हती.

पंधरा दिवसांत टाकी पूर्ववत फुलली. मग दत्ताजीराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस शहरात गेले. जाताना त्यांनी सतरा सूचना देण्यासाठी तोंड उघडलं, गेनबाकडं बघितलं आणि मिटलं. "ते शेवटचं सांगितलेलं तेवढं लक्षात ठेव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताकाकू विरजण मागायला आल्या. टाकीपुढं उभ्या राहिल्या.

"काय गं बाई रंग! कुठनं आणलं रं हे?"

"समुद्रातनं, काकू."

"तिथनं उचलून?"

"व्हय, उचलून..." म्हणता म्हणता गेनबाला मालकांची खूणगाठ आठवली. जो जीव जिथला, तिथंच तो जगतो. तिथून उचलला की मेला. आणि ह्यांना उचलून झाली सहा वर्षं! म्हणजे आता घटकाभराचाही भरवसा नाही. मालक आधीच डोळ्यानं अधू, त्यांच्या माघारी काही झालं तर तोंड कसं दाखवायचं?

काकू विरजणाविनाच परत गेल्या. गेनबानं रंगाच्या झाकणवाल्या बादल्या काढल्या, एकीत मासे, दुसरीत सगळी प्रवाळं घातली आणि पहिली एसटी पकडली.

"बादलीत काय?" कंडक्टरनं विचारलं.

"समुद्र."

"कुणाचा?"

"मालकांचा."

"आणि निघालास कुठं?"

"समुद्राला."

कंडक्टरनं त्याला एक फुल तिकीट फाडून दिलं आणि स्वतः पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

बंदरावर ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. गेनबा कमरेइतक्या पाण्यात चालत गेला. मासे सोडले, बाकीची प्रवाळं ठेवली. गुलाबी प्रवाळ दोन्ही हातांनी तळाला टेकवलं. लेक सासरी पोचवावी तसा त्यानं त्याच्यावरून एकदा हात फिरवला. "मालकांची काळजी करू नगा," तो म्हणाला, "म्या हाय."

घरी येऊन त्यानं टाकी घासूनपुसून लख्ख केली, स्वच्छ पाणी भरलं आणि रोजच्यासारखे निळे दिवे लावले.

चौथ्या दिवशी दत्ताजीराव काळा चष्मा लावून आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"गेनबा, डॉक्टर म्हणाले, आता सगळं नव्यानं दिसेल. पहिल्यांदा काय बघायचं, ते ठरवूनच आलोय."

ते टाकीपुढं खुर्ची ओढून बसले. चष्मा काढला. बघितलं. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. काचेला नाक लावलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"गेनबा... मला दिसत नाही रे."

"कायच दिसत न्हाई?"

"टाकी दिसते. दिवे दिसतात. तू दिसतोस. माझं प्रवाळ तेवढं दिसत नाही." त्यांनी हातानं काच पुसून बघितली. "डोळा गेला माझा. जे बघायला घरी आलो, नेमकं तेच दिसेना!" आणि तो एवढा मोठा माणूस तोंड झाकून रडायला लागला.

मालकांचं रडणं गेनबाला बघवेना. तो त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन मायेनं म्हणाला,

"मालक, उगं डोळ्याला नावं ठेवू नगा. डोळा झ्याक झालाय तुमचा. आत कायबी न्हाई, आन् तुमास्नी कायबी दिसत न्हाई. आजून काय पायजे?"