रुपयाएवढी कोरी जागा

कृष्णाकाठच्या एका गावात जुन्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आणणारे दोन कारागीर राहत होते. बाबालाल पेंटर रंगाचं बघायचा, धोंडीराम वायरिंगचं. वीस वर्षं एकाच शेडमध्ये काम करूनही दोघांचं पटत होतं. कारागिरांत असं क्वचित घडतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

गावच्या मगदूम डॉक्टरांनी वडिलांची साठ वर्षांची गाडी त्यांच्या हवाली केली. पत्रा गंजलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. बाबालालनं पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली आणि रंगाचे सहा हात दिले. त्या रंगात बघून खुशाल मिशा कापाव्यात. धोंडीरामनं अडीच महिने खपून एकेक वायर नव्यानं ओढली.

गाडी जोडून झाली, दिवे लागले, हॉर्न वाजला, पण इंजिन सुरू होईना. किल्ली फिरवली की ते दोनदा कण्हायचं आणि गप्प बसायचं. प्लगला स्पार्क यायचा, तोही मेलेला, तांबूस. धोंडीरामनं कॉइल बदलली, प्लग बदलले, बॅटरी बदलली. प्रत्येक जोडावर बल्ब लावून पाहिला. बल्ब सगळीकडे लागायचा.

शेवटी त्यानं बाबालालला विचारलं, "इंजिनातली वीज चासीवरून बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी तूच परत बसवलीस. तिच्याखाली रुपयाएवढी जागा बिनरंगाची, कोरी ठेव म्हणालो होतो. ठेवलीस ना?"

"ठेवली की," बाबालाल म्हणाला. त्याचं सगळं लक्ष दाराच्या चकाकीकडे होतं.

मित्राचा शब्द. धोंडीरामनं त्या बोल्टला पान्हा लावला नाही.

आठवडा गेला. येत्या रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि डॉक्टरांना गाडी तिथं न्यायची होती. डॉक्टर वैतागले. चहाच्या हॉटेलात चारचौघांत म्हणाले, "धोंडीरामचा हात आता राहिला नाही. पुण्याहून माणूस बोलावलाय. तो सगळं वायरिंग उपटून नवीन टाकणार." गावाला तेवढंच पाहिजे होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक धोंडीरामच्या तोंडावर म्हणू लागले. ज्या माणसाचा शब्द तालुक्यातले ड्रायव्हर डोळे झाकून मानायचे, तो शेडमध्ये मान खाली घालून बसू लागला. वायरिंग उपटलं असतं तर त्याच्याबरोबर धोंडीरामचं नावही उपटलं गेलं असतं.

पुण्याचा माणूस यायच्या दिवशी सकाळी धोंडीराम म्हणाला, "बाबालाल, आत बस. एकदाच शेवटचा सेल मार. मी स्पार्क बघतो."

बाबालालनं चोक ओढून किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. त्याचा हात चोकच्या तारेला लागला आणि तो दचकला. तार चांगलीच तापली होती. त्या तारेतून वीज जायचं काही कारण नाही. ती फक्त ओढायची तार. पण वीस वर्षं धोंडीरामच्या शेजारी बसून एवढं तो शिकला होता, की विजेची वाट अडली की ती मिळेल त्या वाटेनं परत जाते.

मग वाट कुठं अडली? ती रुपयाएवढी जागा त्यानं कोरी ठेवलीच नव्हती. काळ्याभोर चकाकत्या चासीवर तो उघडा डाग त्याला बघवला नव्हता. 'एवढ्याशा रंगानं काय होतंय' म्हणून त्यावरही त्यानं सहा हात दिले होते आणि वर पट्टी कसली होती. रंगातून वीज जात नाही; बोल्टच्या आट्यांतून काय ती बल्बपुरती जात होती. इंजिनाला ती कुठली पुरायला?

आता ऐका. दुपारी धोंडीराम जेवायला घरी गेला आणि शेड मोकळी झाली. बाबालालला दहा मिनिटं पुरली असती. पट्टी सोडायची, रंग खरवडायचा, पट्टी कसायची. गाडी सुरू झाली असती, डॉक्टर खूश झाले असते, आणि झाकली मूठ झाकलीच राहिली असती. तो पान्हा हातात घेऊन गाडीखाली वाकलासुद्धा.

आणि तसाच उठला. पान्हा ठेवला आणि भर उन्हात थेट हॉटेलात गेला. डॉक्टर तिथंच होते, बोलणारे सगळेच होते.

"डॉक्टरसाहेब, वायरिंगमध्ये काही खोट नाही," तो म्हणाला. "खोट माझ्या रंगात आहे. धोंडीरामनं जागा सोडायला सांगितली होती. मी सोडली नाही, आणि सोडली म्हणून त्याला खोटं सांगितलं."

सगळे त्याच्या मागोमाग शेडवर आले. गलका ऐकून धोंडीरामही घरून आला. त्याच्या देखत बाबालालनं पट्टी सोडली आणि ज्या हातानं सहा हात दिले होते त्याच हातानं ते पत्र्यापर्यंत खरवडले. पट्टी कसून किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन पेटलं आणि एका लयीत चालू लागलं.

धोंडीरामला राग आलाच होता, का येऊ नये? मग म्हणाला, "गुपचूप खरवडलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," बाबालाल म्हणाला. "गाडी सुरू झाली असती. पण लोक म्हणाले असते, धोंडीरामचं चुकून जमलं. तुझ्या नावाला लागलेला बट्टा कसा पुसला गेला असता?"

डॉक्टरांनी पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं आणि धोंडीरामची हात जोडून माफी मागितली. मग बाबालालकडे बघत धोंडीरामला हळूच विचारलं, "माझ्या भावाचीही एक जुनी गाडी आहे. तिच्या रंगाला दुसरा माणूस बघू का?"

"कशाला?" धोंडीराम म्हणाला. "चांगला रंग देणारे पन्नास मिळतील, साहेब. दुसऱ्याचं नाव वाचवायला स्वतःचा रंग चारचौघांत खरवडणारा मला हा एकच ठाऊक आहे."

तात्पर्य: चूक गुपचूप दुरुस्त केली तर काम सुधारतं, पण ज्याच्यावर तिचा आळ आला त्याच्यासमोर आणि लोकांसमोर ती कबूल केली, तरच माणूस मोठा होतो.