ठकूबाईचं बद्द मडकं

लहान असताना मी एक आवाज ऐकला होता. चैत्रातला पहिला बाजार होता. बाजारतळ माणसांनी भरला होता, मेंढरं ओरडत होती, आणि कुणीतरी मडक्यावर बोटाचं पेर आपटलं. ठक. चांगलं भाजलेलं मडकं घंटेसारखं वाजतं. हे तसं वाजलं नाही. भिजलेल्या लाकडावर मारावं तसा बद्द आवाज आला, आणि सगळा बाजार गप्प झाला. मी आईला विचारलं, तेव्हा तिने ही हकिगत सांगितली. तिला तिच्या सासूने सांगितली होती. मी फार शिकलेला नाही. जशी ऐकली तशी सांगतो.

आमच्या गेरूमाळ गावात सावली फक्त घरातच मिळायची, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. बाजारतळ म्हणजे नुसता लाल मुरूम. तिथे ठकूबाई कुंभारीण मडकी विकायला बसायची. सोबत तिची नात चंद्री असायची, चार वर्षांची. एका वैशाखात चंद्री मडक्यांच्या पेंढ्यात निजली ती बाजार उठेपर्यंत उठली नाही. ठकूबाईने हात लावला तर अंगाचा चटका बसला. दोन दिवसांत पोर गेली.

तेरावं झालं आणि ठकूबाई बकुळीचं एक रोप घेऊन बाजारतळावर आली. जिथे तो पेंढा होता तिथेच तिने ते लावलं. इथे पुन्हा कुणाचं लेकरू उन्हात निजणार नाही, एवढंच ती म्हणाली.

त्याच वर्षी हैबतराव पाटलांनीही शहरातल्या बागेतून बारा गुलमोहर आणले. ते झाड आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. पाटलांनी दोन ओळी आखल्या, तर बकुळ बरोबर मधे आली. ती काढ म्हणून पाटलांनी सांगितलं. ठकूबाई रोपाशेजारी मांडी घालून बसली ती हलली नाही.

पाटील हसले. "राहू दे तर मग. ठके, पाच वर्षांत माझ्या झाडांखाली बाजार बसेल. तुझं गुडघ्यालाही लागणार नाही."

"लागेल की," ठकूबाई म्हणाली. "पाचव्या वर्षी गुडघ्याला लागेल."

लोक खूप हसले. ती हसली नाही. तिने खरंच हिशेब केला होता.

बकुळ हे सावकाश वाढणारं झाड. लहानपणी तिला ऊन सोसत नाही, शेळीचं तोंड सोसत नाही, आणि खाली खोल माती लागते. ठकूबाईने मुरूम कमरेइतका खणला, तळ्यातला गाळ आणून भरला, वर काट्यांचं कुंपण आणि पेंढ्याचं छप्पर केलं. पाण्यासाठी रोपाशेजारी मडकं पुरलं. तिथे मात्र ती चुकली. नातीच्या झाडाला हलकं मडकं कसं द्यायचं, म्हणून तिने भट्टीतलं सगळ्यांत पक्कं, खणखणीत मडकं पुरलं. त्यातून थेंबभर पाणी झिरपेना. मडकं भरलेलं आणि रोप सुकत चाललेलं. मग तिने ते उपटलं आणि कच्चं राहिलेलं, बद्द वाजणारं, कुणी विकत घेणार नाही असं मडकं पुरलं. सकाळी भोवतीची माती ओली होती. तेव्हापासून भट्टीतलं प्रत्येक बद्द मडकं बकुळीचं झालं. दरवर्षी ती मडकं थोडं लांब आणि थोडं खोल पुरायची. मुळांना पाण्याच्या मागे खाली न्यायचं, असं तिचं म्हणणं.

गुलमोहराची तऱ्हा वेगळी. तो वर्षाला माणूसभर वाढला. पाटलांची माणसं रोज बुडाशी मोटेचं पाणी ओतायची. ठकूबाईने पाटलांना सांगून पाहिलं, की याची मुळं वरच्या वर पसरतात, त्याला मोकळी माती ठेवा, बुडाशी पाणी ओतू नका, दुरून द्या. पाटील म्हणाले, तू तुझं गुडघ्याएवढं बघ. आणि त्यांनी बाराही झाडांना बुंध्यालगत दगडचुन्याचे पार बांधले.

पाचव्या वर्षी, चैत्रातल्या पहिल्या बाजाराला, ठकूबाई बाजारतळावरच्या चावडीसमोर उभी राहिली. तिने बद्द मडक्यावर पेर आपटलं. ठक. लोक वळले.

"पाटील, गुडघ्याला लागलं."

गुलमोहर तेव्हा घरांच्याही वर गेले होते, पण चैत्रात त्यांचं पान झडलेलं असतं. माणसं त्या काटक्यांखाली डोक्यावर फडकी घेऊन बसली होती. कुणीतरी वर बघितलं, मग पाटलांकडे बघितलं. परगावचे पाहुणे शेजारी होते. पाटलांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठकूबाईला तळ्याची माती बंद केली. माती नाही म्हणजे मडकी नाहीत, पोटाला नाही, आणि बकुळीला पाणी नाही. चावडीवर बोलावून म्हणाले, झाड उपट, माती घे.

"तळं तुमचं असेल," ठकूबाई म्हणाली. "गाळ पावसाने आणलाय. पावसाने मागितला तर परत देईन."

ती घरी गेली आणि चाक धुऊन ठेवलं. पण पाटलांनी माती काढायला बंदी केली होती, धुणं धुवायला नाही. तिसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया धुणं घेऊन येताना बादलीच्या तळाशी मूठमूठ गाळ आणू लागल्या आणि कुंभारवाड्यावरून जाताना टाकू लागल्या. आठ दिवसांत ठकूबाईच्या दारात कमरेएवढा ढीग झाला. त्यात पाटलीणबाईंचीही मूठ होती, असं म्हणतात. पाटलांनी ढीग पाहिला आणि बंदीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग दरवर्षी तो आवाज आला. आठव्या वर्षी, "पाटील, कमरेला लागलं." बाराव्या वर्षी, "पाटील, खांद्याला लागलं." अठराव्या वर्षी, "पाटील, आता मलाच मान वर करावी लागते." त्याच वर्षी तिने भर दुपारी, सगळ्यांदेखत, बकुळीजवळच्या गुलमोहराच्या पाराचे दगड उपटले. याचा श्वास कोंडलाय, एवढंच म्हणाली. आणि ते दगड आपल्या मडक्यांना टेकू म्हणून लावले. पाटलांची माणसं धावली, पण तिच्या अंगाला हात लावायचं धाडस कुणाला झालं नाही.

पंचविसाव्या वर्षी वैशाखात बाजार भरला असताना गारपीट आली. गुलमोहर लालभडक फुलले होते, माणसं त्यांच्याखाली धावली. तेवढ्यात वारा फिरला. पहिलं झाड पारासकट आडवं झालं, मुळं परातीसारखी वर आली. मग दुसरं, मग तिसरं. अकरा पडले. उभा राहिला तो ठकूबाईने पार उपटलेला एकटा. माणसं तिथून निघून बकुळीखाली आली. बकुळीचं पानही हललं नाही. दोनशे माणसं, त्यांची लेकरं, बैल, सगळी आत मावली आणि एकालाही गार लागली नाही. त्या दिवशी बकुळीने आपली सावली पसरली, असं म्हणतात.

बाहेर एकटे हैबतराव उभे होते. म्हातारे झाले होते. पागोट्यावर गारा फुटत होत्या, पण पाय उचलत नव्हता.

ठकूबाईने शेजारचा पेंढा झाडला. "पाटील, आत या. चंद्रीची जागा आहे."

ते आले आणि बसले. त्यांच्या ओल्या पागोट्यावर बकुळीची फुलं पडत राहिली. गारा थांबल्या, तेव्हा त्यांनी तिचं एक बद्द मडकं उचललं, पाण्याने भरलं, झाडाशी ठेवलं. ते उठून निघून गेले.

ठकूबाई कधी गेली ते कुणी सांगत नाही. बाजार संपल्यावर ती झाडाच्या मागे गेली आणि परत आलीच नाही, असं म्हणतात.

बकुळ अजून आहे. बाजूला गुलमोहरही आहे, त्याच वाचलेल्या झाडाच्या बियांचा. त्याला पार नाही, पाणी दुरून देतात, आणि तोही सुखाने फुलतो. त्याचा काही दोष नव्हता. बकुळीखाली मोठं माणूस बसत नाही. जिथे पेंढा होता तिथे बाजाराला आलेल्या बायांची लेकरं निजवतात, कुणाचीही असोत. आणि चैत्रातल्या पहिल्या बाजाराला पाटलांच्या घरातला कर्ता माणूस डोक्यावर बद्द मडकं घेऊन येतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यावर पेर आपटतो. मडकं पुरतो, पाणी भरतो, पागोट्यावर पडलेली फुलं तशीच राहू देतो, आणि उठून निघून जातो.