पेवावरचा कंदील

“पेवात माणसाच्या आधी कंदील का सोडायचा?”

हा प्रश्न धाकट्या भावाने कितीतरी जणांना विचारला होता. बापाला विचारलं, तेव्हा बाप म्हणाला, “सोडायचा असतो.” मुकादम म्हणाला, “रीत आहे.” मालकाला विचारलं, तर मालक म्हणाला, “तुला हात चालवायला ठेवलंय, तोंड चालवायला नाही.” थोरल्या भावालाही कारण ठाऊक नव्हतं. कंदील विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही, एवढंच बाप त्याला सांगून गेला होता. उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून धाकट्याने आपल्या मनाने ठरवून टाकलं की हा पूजेचाच एक भाग असणार.

हे दोघे भाऊ फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात राहायचे. तिथली जमीन अशी होती की कितीही खोल खणलं तरी ओल लागायची नाही. म्हणून ते ज्याच्याकडे कामाला होते त्या मालकाने, म्हणजे गावच्या व्यापाऱ्याने, हळद साठवायला जमिनीत पेवं खणून घेतली होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात पुरलेली मोठी घागर. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढं पोट. आत हळद टाकायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून माती लिंपायची. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची.

“माझ्या पेवात किडासुद्धा जगत नाही,” असं व्यापारी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा. गिऱ्हाइकं माना डोलवायची. धाकटा ते रोज ऐकायचा आणि हसायचा. किडा जगत नाही, तर माणसाचं काय होत असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

पेव उघडायची रीत ठरलेली होती. फरशी काढायची, हळदकुंकू वाहायचं आणि एक दिवस तोंड उघडं ठेवायचं. मग सुतळीला बांधून पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा. तो जळत राहिला तर एकाने कमरेला जाड दोर बांधून शिडीने उतरायचं आणि दोघांनी वर दोर धरून उभं राहायचं. वरच्याने हाक मारायची, खालच्याने “हो” म्हणायचं.

पण मालकाला अपशकुनाची फार चीड होती. आदल्या वर्षी एकदा कंदील विझला, तेव्हा त्याने कंदील सोडणाऱ्याला सगळ्यांसमोर पांढऱ्या पायाचा म्हटलं आणि अख्ख्या टोळीला तीन दिवस घरी बसवलं. तेव्हापासून कंदील सोडायला कुणी पुढे येईना. शेवटी ते काम धाकट्याच्या गळ्यात पडलं.

एके दिवशी सकाळीच परगावच्या व्यापाऱ्याच्या गाड्या आल्या. दुपारच्या आत त्यांना नावेवर चढायचं होतं. मालकाने घाईघाईने एक पेव उघडायला लावलं. निम्मं भरलेलं पेव होतं.

नेमकी त्याच दिवशी शेजारच्या गावात जत्रा होती आणि दुपारी धाकट्याची कुस्ती ठरली होती. सकाळी निघताना वहिनीने दोघांच्या भाकऱ्या एकाच फडक्यात बांधल्या होत्या.

“दोघं बरोबरच घरी या,” ती नवऱ्याला म्हणाली होती. “भावजी परस्पर जत्रेला पळाले, तर कान धरून आणा.”

“याचा कान धरायला मला शिडी लागेल,” थोरला म्हणाला. “देवाने अंग रेड्याचं दिलं आणि अक्कल द्यायला विसरला.”

“अक्कल तुला दिली ना दादा, ती दोघांना पुरते,” धाकटा म्हणाला. ते तिघंही हसले होते.

फरशी निघाली. हळदकुंकू वाहून झालं. थोरला म्हणाला, “मालक, एक दिवस उघडं ठेवावं लागतं.”

“गाड्या काय एक दिवस उभ्या राहणार आहेत? कंदील सोडा आणि कामाला लागा.”

मालक गाड्यांकडे वळला. धाकट्याने कंदील पेटवला आणि खाली सोडला. दोन हात खाली गेला तोवर ठीक होता. मग ज्योत बारीक झाली आणि विझली. वाऱ्याने विझावी तशी फडफडलीसुद्धा नाही.

त्याने मान वर करून पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. थोरला शिडी आणायला गेला होता.

धाकट्याच्या डोक्यात काय काय आलं, ते सगळं सांगायला हवं. मालकाच्या शिव्या आल्या. टोळीचे तीन दिवस आले. पण सगळ्यात आधी आली ती कुस्ती. त्याने कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला आणि या वेळी हातभरच खाली सोडला. तिथे तो छान जळत होता.

“कंदील जळतोय, मालक!” तो ओरडला.

थोरला शिडी घेऊन आला. “तळापर्यंत सोडलास ना रे?”

“सोडला, दादा.”

थोरल्याने पुढे काही विचारलं नाही. धाकट्या भावाला दोनदा काय विचारायचं? त्याने दोर शोधला. दोर जागेवर नव्हता.

“मालक, दोर?”

“तो गाडीच्या मालाला लावलाय. शिडी आहे की! तू उतरून पोती भरायला लाग, तोवर सोडून आणतो. तुझा बाप बिनदोराचा उतरायचा.”

“नाही, मालक. माझा बाप कधीच तसा उतरला नाही,” थोरला हळू आवाजात म्हणाला. दोराशिवाय उतरायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिथे थांबायला हवं होतं, बसून राहायला हवं होतं. पण मालक बघत होता, गाडीवाले बघत होते, आणि भावाने कंदील पाहिला होता. तो उतरला.

“दादा!” धाकट्याने हाक मारली.

“हो!” खालून आवाज आला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक मारली. “दादा!”

खालून काहीच आलं नाही.

“दादा, मस्करी करू नकोस!”

मग त्याने शिडीवर पाय टाकला. टोळीतल्या म्हाताऱ्या हमालाने त्याला पाठीमागून मिठी मारली. “एक गेलाय पोरा, दुसरा कशाला?” इतका मोठा पैलवान, पण त्या म्हाताऱ्याच्या हातून त्याला सुटता आलं नाही. गाडीच्या दोराच्या गाठी घट्ट बसल्या होत्या. त्या सुटेनात, म्हणून विळ्याने दोर कापला. त्याला गळ बांधून थोरल्याला वर ओढलं, तोवर फार उशीर झाला होता.

घरी नेलं तेव्हा वहिनी दारातच उभी होती. नवऱ्याच्या तोंडाला, हातांना, केसांना हळद लागली होती. ते बघून ती म्हणाली, “यांना एवढी हळद कुणी लावली?”

“नशीब म्हणायचं,” मालक चार लोकांत म्हणाला. “कंदील तर जळत होता. सगळ्यांनी ऐकलं.” सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. “विझला होता,” एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं असतं आणि तो बोलला नाही.

बारा दिवस वहिनी त्याला आधी वाढायची आणि मग स्वतः बसायची. तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, “भावजी, जवळ तुम्हीच होतात. कंदील खरंच जळत होता?”

त्याने हातातला घास ताटात ठेवला. “विझला होता, वहिनी. मी परत पेटवला.”

ती रडेल, मारेल, घराबाहेर काढेल, असं त्याला वाटलं. पण ती म्हणाली, “उद्या दुसरं पेव उघडणार आहेत. त्यात दोन नवे उतरणार. त्यांनाही घरी कुणीतरी आहे.” एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा पेवावर गेला. दुसऱ्या पेवाची फरशी नुकतीच निघाली होती आणि परगावच्या गाड्या पुन्हा येऊन उभ्या होत्या. त्याने कंदील उचलला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “त्या दिवशी कंदील विझला होता. मी खोटं बोललो. मला कुस्तीला जायचं होतं. माझ्या तोंडच्या शब्दावर माझा भाऊ उतरला.”

मालक म्हणाला, “म्हणजे तूच मारलंस त्याला.”

“मीच. पण दोर तुम्ही गाडीला लावला होता, मालक. एक दिवस तोंड उघडं ठेवायला त्याने सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. कंदील विझल्यावर तुम्ही माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणता आणि टोळीला घरी बसवता. मग विझलेला कंदील तुम्हाला कोण दाखवणार? आणि तुमच्या पेवात किडा जगत नाही, हे तुम्ही साऱ्या मुलखाला सांगितलंत. मग तिथं माणूसही जगत नाही, हे आम्हाला का नाही सांगितलंत?”

धाकट्याने कंदील सोडला. दोन हात खाली गेल्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. त्याने कंदील वर ओढला, तसाच काळा हातात उंच धरला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, “विझला! कुणी उतरू नका!”

गाडीवाले मालकाकडे बघू लागले. मग मालक गाडीजवळ गेला, या वेळीही मालाला लावलेला नवा दोर आपल्या हाताने सोडून आणला आणि पेवाच्या तोंडाशी ठेवला. गाड्या त्या दिवशी हळद न घेताच गेल्या.

एक दिवस पेव उघडं राहिलं. दुसऱ्या सकाळी कंदील तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. उतरणाऱ्या नव्या गड्याने विचारलं, “पण हा आधी का सोडायचा?”

“आतली हवा मेलेली असते,” धाकटा म्हणाला. “म्हणून आत किडा नसतो. जिथं ज्योत जगत नाही, तिथं तूही जगणार नाहीस. हे पुढच्याला सांग.”

नवा गडी कमरेला दोर बांधून उतरला. वर दोर धाकट्याने धरला आणि त्याच्यामागे मालकाने. दर थोड्या वेळाने धाकटा हाक मारायचा आणि खालून “हो” यायचा. शेवटचं पोतं वर आलं. त्याच्यानंतर उतरलेला दुसरा नवा गडीही वर आला. धाकट्याने त्याच्या कमरेची गाठ स्वतःच्या हाताने सोडली, दोराची गुंडाळी केली, पेवाजवळच्या खुंटीला अडकवली आणि तो घरी गेला. त्या पेवांवर तो पुन्हा कधी आला नाही.

तात्पर्य: काम सांगणाऱ्याने दोर द्यावा, वेळ द्यावा, रीत कशासाठी आहे तेही सांगावं, आणि कंदील विझल्याची बातमी आणणाऱ्यावर रागावू नये. काम करणाऱ्याने दोर मिळेपर्यंत उतरू नये. आणि ज्याच्या हातात कंदील आहे त्याने जे दिसलं तेच बोलावं, कारण त्याच्या शब्दावर कुणाचा तरी भाऊ खाली उतरणार असतो.