उजवीकडून उघडायचं पुस्तक

एका राज्यात, पूर्वसमुद्राच्या काठी, चित्रं चालत असत. चित्रकार तुतीच्या कागदावर एकेका पावलाची बारा-बारा चित्रं काढत, आणि दिवा धरणारा म्हातारा मांत्रिक ती उजेडापुढून सरकवी. मग राजवाड्याच्या भिंतीवर मेघनाग उडे, पूल डोले, धबधबा वाहे. पापणी लवूच नये असं बघणाऱ्याला वाटे.

एका उत्सवात राजा तोमोनारीनं साऱ्या चित्रकारांना शाली दिल्या आणि दिवा धरणाऱ्यालाच विसरला. राजा मनाचा मोठा, पण भारी उतावळा. लग्न ठरायच्या आधी गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्यांतला.

मांत्रिक म्हणाला, "चित्रं त्यांची, पण उजेड माझा. आजचा खेळ अर्ध्यावर थांबेल आणि तुझी लेक त्यात राहील. गोष्ट शेवटाला जाईल तेव्हाच ती उतरेल. आणि या दिव्यापुढे चित्र पुन्हा हलणार नाही."

दिवा विझला. भिंतीवरचं चित्र मात्र तसंच राहिलं, आणि त्यात राजकन्या हिनाए, पुलावर, एक पाऊल उचललेली. तीन वर्षं ते पाऊल टेकलं नाही. राजा रोज त्या भिंतीपाशी जेवायला बसे आणि समोर तिचंही ताट मांडायला लावी.

शेवटी शिओरी नावाची चित्रकर्ती पुढे आली. "महाराज, दिव्यापुढे चित्र हलत नसेल, तर मी ही गोष्ट पुस्तकात काढते. वाचणाऱ्याची नजरच तिला चालवील."

"काय हवं?"

"न तोडलेल्या झाडाचा कागद. न जाळलेली शाई. न मागितलेलं पीस."

ती तुतीखाली एक ऋतू बसली, तेव्हा झाडानं आपण होऊन साल उतरवून दिली. समुद्रातल्या माकुल माशानं आपल्या अंगातली, काजळीवाचूनची शाई दिली. पीस मात्र मागायचं नव्हतं. म्हणून सारसापुढे ती सात दिवस गप्प बसली. आठव्या दिवशी सारसच वैतागला. "घे बाई, घे एकदाचं! आणि ऐक. पानं राजकन्येच्या बापानंच उलटायची."

पुस्तक झालं. त्या राज्यात पुस्तक उजवीकडून उघडत. पण राजा वाढला होता आजोळी, समुद्रापार, आणि तिथं सारे डावीकडून वाचत. शिओरी सांगणार इतक्यात त्यानं तिच्या हातातून पुस्तक ओढलं आणि सवयीनं डावीकडून उघडलं.

भिंतीवर हिनाए हलली! दरबार आनंदानं ओरडला. पण पाऊल पुढे पडलं नाही, मागे पडलं. तिची वेणी आखूड झाली. सोळाची ती बाराची झाली, बाराची सातची. पुस्तक संपलं तरी पानं संपेनात. उलट वाचणाऱ्याच्या हाताखाली तिचं आयुष्यच मागे चाललं होतं.

"महाराज, हात आवरा!" शिओरी किंचाळली. "आणखी चार पानं, आणि ती जन्मलेलीच नसेल!"

राजाचा हात थिजला. समोरच्या भिंतीवर पाच वर्षांची हिनाए उभी होती, आणि तिचा हात राणीच्या हातात होता. राणीला जाऊन तेरा वर्षं झाली होती. तिनं मान वळवून राजाकडे पाहिलं.

"वाळलात हो," ती म्हणाली.

"हे पान मी उलटणार नाही."

"मग पोर पाचाचीच राहील. भिंतीवर."

"उलटलं की तू जाशील."

"मी गेलेलीच आहे, महाराज. तिला अजून चालायचंय."

राजा सगळ्या दरबारादेखत रडला. मग त्यानं पानावर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश, योग्य बाजूनं पान उलटलं. राणीचा हात सुटला. तिच्याकडे बघायला तो थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं पान त्याच्यानं उलटवलं नसतं.

पोर सातची झाली, बाराची झाली, सोळाची झाली. पूल आला. उचललेलं पाऊल टेकलं. मेघनागानं मान खाली घालून तिला वाट दिली, आणि शेवटचं पान मिटताच हिनाए भिंतीतून फरशीवर उतरली. समोर मांडलेलं आपलं ताट तिनं पाहिलं.

"बाबा, भात गार झालाय."

राजाला हसू आणि हुंदका एकदमच आला. त्यानं अंगावरची शाल उतरवली आणि आधी दरबारात मागे उभ्या असलेल्या मांत्रिकाच्या खांद्यावर घातली. मग लेकीजवळ बसून गार भातच दोघांनी खाल्ला. मांत्रिकानं आपला शब्द मागे घेऊन दिवा लावला, आणि भिंतीवर धबधबा वाहू लागला.

जसं त्या पोरीचं पाऊल टेकलं, तसं ऐकणाऱ्या साऱ्यांचं टेको.